अक्कांच्या मापाची गाडी

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दुकानात माझ्या शेजारी बसून चाकं सरळ करणाऱ्या जावेलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण रविवारी हेच मला एका बाईसमोर उभं राहून म्हणायचं आहे — आणि तोंडाला आधी थोडी सवय झालेली बरी.

धुळ्यात आमचं सायकलचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी तिथं दूधवाल्यांच्या सायकली यायच्या. मी आता ग्रॅव्हल बाईक बांधते, म्हणजे डांबर सोडून मुरमावरून, खडीवरून, पाटाच्या कडेनं चालवायची सायकल. वाकडं हँडल, जाड टायर, आत ट्यूबऐवजी चिकट द्रव. बाभळीचा काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं. फ्रेम एकीकडून येते, चाकं दुसरीकडून. ते सगळं जोडून माणसाच्या अंगाला बसवून देणं हे माझं काम. जळगावहून, एरंडोलहून लोक येतात. आधी भिंतीला पाठ लावून उभं करते, मांड्यांमध्ये पुस्तक धरायला लावते, पुस्तकाच्या कडेशी पेन्सिलीनं खूण करून टेप लावते, म्हणजे पायाची आतली उंची कळते. माप जुळलं नाही तर ताई गाडी देत नाहीत, असं लोक सांगतात. खरं आहे ते. पण ही शिस्त मला कोणी लावली, हे कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं?

अक्कांनी लावली. त्यांना स्वतःला हे माहीत नाही.

अक्का पिंपळनेरच्या. माझ्या माहेरच्या शेजारी त्यांचं घर. मला सायकल शिकवली ती त्यांनी. तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या, डोक्यावरचा पदर कमरेला खोचून माझ्या सीटला धरून गल्लीभर पळायच्या. स्वतः कधी बसल्या नाहीत. लहानपणी भावाची सायकल चोरून चालवलेली, तीही दांड्याखालून पाय घालून, कारण सीटवरून पाय पोचत नसत. सासरी तेवढंही नाही. आज मी चाकांवर पोट भरते, ते त्या पळाल्या म्हणून. एवढं उघड आहे.

लॉकडाऊन उठल्यानंतर एकदा त्या दुकानात आल्या. मुलगा शेती बघायला लागला होता, हातात वेळ होता. शेत टेकडीच्या वर, रस्ता मुरमाचा. म्हणाल्या, "माले सायकल पाहिजे. तू दिशी ती लिसू. माले काय समजस?"

त्यावेळी दुकानात एक गाडी टांगलेली होती. सुट्या फ्रेमपासून मी बांधलेली पहिली. ज्या उंच गिऱ्हाइकासाठी बांधली, ते फिरकलंच नाही. येणाराजाणारा वर बघायचा आणि विचारायचा, ही अजून इथंच? मला ते सहन होत नव्हतं. ती रस्त्यावर धावताना मला बघायची होती — कोणाच्याही पायाखाली का होईना.

अक्कांना मी भिंतीपाशी उभं केलं नाही. मुद्दाम नाही केलं. माप घेतलं असतं तर आकडा समोर आला असता, आणि मग नाही म्हणावं लागलं असतं. सीट खाली जाईल तेवढी नेली, पुढं सरकवली. हँडल जोडणारा तुकडा आखूड टाकला. अशानं लांब गाडी थोडी जवळ येते, पण दांडा काही खाली येत नाही. अक्का वर चढल्या तेव्हा एका पायाची फक्त बोटं जमिनीला टेकली. मी बघितलं. त्यांनीही बघितलं, आणि हसून म्हणाल्या, "सायकल मोठीच ऱ्हास."

असं का नाही म्हणणार? जन्मभर त्यांच्या वाट्याला आलेली प्रत्येक सायकल दुसऱ्या कुणाच्यातरी मापाची होती. सायकल माणसाच्या मापाला बसवायची असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी म्हटलं, "होईल सवय."

सहा-सात महिने त्यांनी ती चालवली. मान आखडायची, हात बधीर व्हायचे, कोणाला बोलल्या नाहीत. मग एक दिवस टेकडी उतरताना समोर शेळी आली. ब्रेक लागला, पाय खाली टाकला — आणि पाय पोचला नाही. गाडीसकट आडव्या झाल्या. मनगट मोडलं.

मी भेटायला गेले. तुम्हाला वाटेल, तो अपघात हीच माझी चूक. नाही. ती अर्धी.

हात प्लास्टरमध्ये. तशातही सुनेला सांगून त्यांनी माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करायला लावली. जेवताना म्हणाल्या, "गाडी भारी शे. मीच जुनी व्हयी गऊ. तोल ऱ्हात नही आते. हाई वयच शे ना?"

प्रश्न विचारला होता त्यांनी. खरंखुरं विचारत होत्या. कारण गाड्यांतलं मला कळतं, आणि माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास. घास तोंडात होता. तो गिळून मी म्हणाले, "हो अक्का. या वयात तोल जातो थोडा. जपायला हवं."

बस. एवढंच वाक्य.

त्यानंतर त्या सायकलवर बसल्या नाहीत. इतकंच नाही, विहिरीच्या पायऱ्या उतरणं सोडलं. शेताच्या बांधावरून चालताना कुणाचा तरी हात धरायला लागल्या. धडधाकट बाई होती हो. गाडी सून चालवते — ती उंच आहे, तिला अगदी बेतानं बसते. अक्का ओट्यावरून बघतात, आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, "दखा, गाडी तीच शे. जवान माणूसले कशी चालस." आणि माझं नाव सांगतात. पिंपळनेर-साक्री भागातली माझी निम्मी गिऱ्हाइकं त्यांनी पाठवलेली आहेत. प्रत्येक जण आला की मी त्याला भिंतीपाशी उभं करते, टेप लावते, आणि मनात म्हणते, अक्का, तुमची कृपा. हे वरवरचं नाही. मला खरं काम शिकवलं ते त्या मोडलेल्या मनगटानं. फक्त त्याची किंमत त्यांनी मोजली, नाव मला मिळालं.

गेल्या महिन्यात एक लहान फ्रेम मागवली. त्यांच्या सुनेला फोन केला, म्हटलं, अक्का सायकलवर बसताना घालायच्या त्या सलवारीची आतली शिवण मोजून सांग, नवी शिवून आणते. हेही खोटंच. तिनं माप सांगितलं. कागदावर लिहिलं आणि शेजारी जुन्या गाडीचा आकडा मांडला. तेव्हा टांगलेल्या त्या गाडीच्या मापात आणि या मापात वीतभर अंतर होतं. वीतभर. डोळ्यांनाही दिसतं ते, टेप कशाला हवी?

गाडी तयार आहे. दांडा उतरता, हँडल अरुंद, ब्रेकचे खटके त्यांच्या बोटांच्या जवळ आणलेले. टायरमध्ये हवा त्यांच्या वजनापुरती, मुरमावर धक्का बसणार नाही इतकी कमी.

रविवारी जीपमध्ये घालून नेईन. क्रम मात्र ठरवून ठेवला आहे. आधी गाडीवर बसवलं, दोन्ही पाय जमिनीला टेकले, तर अक्का माझेच आभार मानतील, आणि मी गप्प राहीन. मी मला ओळखते. म्हणून गाडी जीपमध्येच राहील. ओट्यावर जाऊन आधी सांगेन — अक्का, ती गाडी मोठी होती. मला तेव्हाच दिसलं होतं. तुमच्या वयाचा काही संबंध नव्हता.

मग गाडी खाली उतरवेन. बसायचं की नाही, ते त्या ठरवतील.