दोन्हीकडची दलाली

आमच्या गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. आमचा दलाल शा युनूस आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाची रुंद बाही पुढे करायचा. विकणारा तीत हात घालायचा आणि त्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. मग तीच बाही घेणाऱ्याकडे वळायची. दोन्ही आकडे एकट्या युनूसला ठाऊक, आणि युनूस दोघांपैकी कोणाचाच नाही. सौदा जमला की दोघांकडून सारखी दलाली. गाय महाग गेली काय, स्वस्त गेली काय, त्याचे पैसे तेवढेच. सख्ख्या मेव्हण्याकडूनही त्याने घेतली होती. मेव्हणा वर्षभर फुगून बसला होता.

माझं हाताने ओढलेल्या नूडलचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते, म्हणून मला सगळे वहिनी म्हणतात आणि सगळे माझ्यासमोर बोलतात. युनूस आणि थुओ दावूद माझ्याकडे एकाच बाकावर बसायचे. लहानपणापासूनची जोडी. दावूदची गुरं विकायची तर युनूसच्याच बाहीतून. दावूदचा बाप वारला तेव्हा त्याने घाईने एक गाय विकली. युनूसने तिचीही दलाली घेतली, आणि संध्याकाळी दावूदच्या घरी जाऊन कफनाचं कापड आपल्या पैशाने दिलं. मला हा प्रकार तेव्हा चमत्कारिक वाटला होता. दावूदला वाटला नाही.

मग युनूसच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्यात पैसे मुलाच्या बापाने द्यायचे असतात, आणि मुलीकडच्यांनी इतके मागितले की युनूस आठवडाभर माझ्या बाकावर बसून हिशेबच करत होता. त्याच सुमारास शहरातली एक मांसाची कंपनी बाजारात आली. त्यांच्या माणसाने युनूसला सांगितलं, आमच्यासाठी जेवढी गुरं घेशील तेवढं कमिशन देऊ, शेतकऱ्याकडून काही घेत बसू नकोस.

"दलाली काय, कमिशन काय, वहिनी," युनूस मला म्हणाला, "पैसेच ना शेवटी?"

"मग लोकांनी नावं दोन कशाला ठेवली?"

"तू आपली नूडल ओढ," तो हसून म्हणाला.

पुढच्या बाजारात दावूदने तांबडी गाय आणली. ती कंपनीने घेतली. मी खोटं बोलणार नाही, भाव चांगला आला. त्या दिवशी तशा गाईचे तेवढे कोणालाच मिळाले नाहीत. दोघं माझ्याकडे चहाला आले. दावूदने नेहमीप्रमाणे दलाली काढून पुढे केली. युनूसने त्याचा हात प्रेमाने मागे सारला.

"राहू दे. तुझ्याकडून नको."

"का?"

"कंपनी देते मला."

"बापाच्या वेळी घेतलीस."

"तेव्हा कंपनी नव्हती ना, बाबा."

दावूदने नोटा खिशात ठेवल्या. "मग मघाशी बाहीत बोटं कोणाची होती, तुझी की कंपनीची?"

"अरे, भाव चांगला दिलाय तुला. कोणालाही विचार."

"भाव नाही विचारला मी," दावूद म्हणाला आणि चहा तसाच टाकून उठला.

युनूस माझ्याकडे बघत राहिला. त्याने मित्राचे पैसे वाचवले होते आणि मित्र रुसला होता. मला युनूसचा राग आला, आणि कीवही.

पुढच्या खेपेला दावूद एक खोंड घेऊन आला. युनूसने बाही पुढे केली. दावूदने हात खिशातून काढलेच नाहीत. समोरच्या घेणाऱ्याकडे बघून त्याने आकडा मोठ्याने सांगितला. आमच्याकडे चारचौघांत कोणी विजार सोडावी तसं झालं ते. आजूबाजूची माणसं खाली बघायला लागली. युनूसची बाही तशीच पुढे राहिली, मग त्याने ती हळूच मागे घेतली. महिनाभरात आणखी चारपाच जण भाव मोठ्याने बोलायला लागले.

"वहिनी, खरं सांगतो," युनूस एकदा म्हणाला, "त्या गाईचा आकडा दावूदकडे बघून दाबला की कंपनीकडे बघून, माझं मलाच कळत नाही. आधी असं कधी झालं नव्हतं."

मुलाचं लग्न पार पडलं. दावूद आला, जेवला, आहेर देऊन गेला. त्यानंतरच्या बाजारात तो माझ्याकडे एकटाच नूडल खात होता. युनूस आत आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"दावूद, त्या तांबड्या गाईची दलाली दे माझी."

मला वाटलं, आता हा सरकून जागा देईल. युनूसलाही तेच वाटलं असावं, कारण त्याने बाकावर हात टेकला होता. दावूदने चॉपस्टिक खाली ठेवल्या, नोटा काढल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या. पूर्ण, एकही कमी नाही.

"आता आपल्यात काही राहिलं नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही," युनूस म्हणाला.

दावूदने वाटी उचलून उरलेलं सूप पिऊन टाकलं, मला पैसे दिले आणि गेला. युनूस नोटा मुठीत धरून तसाच उभा होता. मी त्याला बस म्हटलं नाही; दावूदची वाटी उचलली आणि धुवायला घेतली.