काळ्या पेटीवरचा पहारा

माजी सैनिकांच्या आठवणी आणि कागदपत्रं जमवायला मी राळेगाव तालुक्यात फिरत होतो. कपाशीची ती वाईट वर्षं. लढाईबद्दल विचारलं तरी लोक बोंडअळीवर येत.

एका गावातला हा म्हातारा माजी सैनिक मात्र फक्त सीमेवरचं बोलला, फौजेतल्या काळ्या पेटीवर ताठ बसून. गळ्यातल्या दोऱ्यात पेटीची किल्ली होती. बोलताना तो ती सारखी चाचपायचा. समोर खाटेवर त्याचा तरणा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बाबा, पेटीतली पत्रं, पदकं पाहू का?" मी विचारलं.

बसल्या जागेवरूनच हात उंचावून त्यानं खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढून दिली. सगळं तिच्यातच होतं, ओल लागून डागाळलेलं.

"मग पेटीत काय आहे?"

तो आवाज उतरवून म्हणाला, "फवारणीचं औषध. मांगच्या साली पोराच्या हातातून हिसकलं. कपाशीले लागते, फेकताही येत नाही." मग किल्ली मुठीत धरून म्हणाला, "फौजेत पहारा दोन घंट्याचा राहे. मंग दुसरा येऊन उभा राहे. इथं कोणी येत नाही."

पदकं त्यानं संग्रहासाठी सहज देऊन टाकली. मला दारापर्यंत सोडायला मात्र तो उठला नाही.