आम्ही बंदूक बघायला जायचो

लोकांकडे मुलीसाठी स्थळं बघतानाचे किस्से साठतात. आमच्याकडे बंदूक बघतानाचे साठलेत. लेकीचं लग्न एका बैठकीत जमलं हो, पण ह्यांच्या बंदुकीनं आम्हाला जिल्हाभर फिरवलं. कुणी चहाला आलं की एखादा किस्सा निघतोच, आणि एक निघाला की मला थांबवणं कठीण. तुम्हीही आता बसाच.

आधी मूळ दुखणं सांगते. आमच्या ह्यांना, म्हणजे नानांना, नेमबाजीचं वेड. शिकार नाही हं, ती बंद होऊन जमाना झाला. रविवारी शहराबाहेरच्या रेंजवर जायचं, यंत्रानं मातीची तबकडी हवेत उडवायची आणि वडिलांच्या दुनाळी बंदुकीनं फोडायची. त्या तबकडीला ही मंडळी 'कबुतर' म्हणतात. आपले पैसे हवेत फोडायचे आणि संध्याकाळी खूश होऊन घरी यायचं, असा तो खेळ.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या शहरातल्या द्वारका चौकात ह्यांची स्कूटर घसरली आणि उजवा खांदा कामातून गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, पण ह्या खांद्यावर बंदुकीचा धक्का आता कधीच नको. हे 'बरं' म्हणाले. पण रविवारी सकाळी आंघोळ करून, रेंजवरचे बूट चढवून गॅलरीत जाऊन बसायचे. जायचं कुठेच नसायचं, तरी बूट. मला ते बघवत नसे.

*

ह्यांचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे बापू. दिंडोरीकडचा द्राक्षवाला, तोही त्याच रेंजवरचा. तो म्हणाला, "नाना, डावा खांदा काय फक्त शर्ट अडकवायला दिलाय का देवानं?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत सराव सुरू. हातात माझी छत्री, डाव्या खांद्याला लावलेली, आणि नेम समोरच्या कठड्यावरच्या कावळ्यावर. सवयीनं चुकीचा डोळा मिटायचे, मग स्वतःवरच चिडायचे.

आठवड्यानं समोरच्या जोशीकाकू वाटीभर साखर मागायला आल्या. साखर घेऊनही जाईनात. शेवटी हळूच म्हणाल्या, "वहिनी, आमचं काही चुकलं का हो? नानासाहेब रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरावर छत्री रोखून उभे असतात."

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन खिडकीला पडदा लावला.

*

छत्रीनं जमलं, दुनाळीनं नाही. तिचा धक्का डाव्या खांद्याला सोसेना, पहिल्याच रविवारी खांदा वांग्यासारखा काळानिळा झाला. तेव्हा बापूनं सेमी-ऑटोमॅटिकचं नाव काढलं. तिच्यात म्हणे बार उडताना सुटणारी थोडी ताकद पुढचं काडतूस चढवण्यात खर्च होते, म्हणून खांद्याला कमी लागतं. नव्या विलायती बंदुका येणं बंद झालेलं. म्हणजे कुणाच्या तरी कपाटातली जुनी शोधायची. द्वारका चौकाजवळच्या बंदुकीच्या दुकानाचे शेठ आमचे मध्यस्थ झाले. ते पत्ते द्यायचे आणि आम्ही फियाट काढून निघायचो.

बापूच्या अटी ह्यांच्यापेक्षा जास्त. एकच बंदूक अशी पाहिजे, की तिनं त्याच्या द्राक्षबागेतली पाखरंही उठली पाहिजेत, डुक्करही पळालं पाहिजे, रविवारी कबुतरंही फुटली पाहिजेत, आणि वजनाला हलकी हवी.

मी म्हटलं, "भावजी, दळण आणता आलं पाहिजे, हे राहिलं."

बापू गाडी चालवता चालवता विचारात पडला. म्हणाला, "नाय वहिनी, तशी नाय भेटायची."

*

मनमाडला रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते. काय तो पाहुणचार! पोहे झाले, चहा झाला, मग मखमलीत गुंडाळलेली बंदूक आली. ह्यांनी नळी बघितली, चाप बघितला. गृहस्थांनी एकेका स्क्रूची हकिगत सांगितली. दुपार कलली. शेवटी बापूनं घसा खाकरून विचारलं, की द्यायची कितीला.

"द्यायची?" गृहस्थ दचकलेच. "छे हो, विकायची कुठंय? बघायला कुणी येत नाही, म्हणून शेठच्या कानावर घालून ठेवलं होतं."

परतताना बापू भयंकर चिडलेला. हे मात्र म्हणाले, आपण परत यायला पाहिजे एकदा. पोहे चांगले होते.

*

सटाण्याकडे एका शेतकऱ्याची बंदूक बघितली, ती सगळ्यांना पसंत पडली. वजन बरोबर, किंमत बरोबर. मळ्यात मालकानं स्वतः शेजारी उभं राहून उडवून बघायला दिली. ह्यांनी डाव्या खांद्याला लावली आणि बार काढला. रिकामं काडतूस उजवीकडून जे उडालं ते थेट ह्यांच्या तोंडावर. चष्मा कांद्याच्या वाफ्यात. पुन्हा उडवली, पुन्हा तेच, आता भुवईला चटका.

बंदूक उजव्या हातवाल्यासाठी केलेली. त्याच्या तोंडापासून काडतूस लांब जातं. डाव्या हातवाल्याच्या तोंडावरच येतं. हे आमच्या शहाण्यांच्या तेव्हा लक्षात आलं. बापू मालकावर उखडला, की बंदुकीत खोट आहे. मालक शांत. त्यानं वाफ्यातून चष्मा शोधून पुसून दिला आणि आपल्या बोलीत म्हणाला, "बंदूक बरोबर शे. तुम्हना माणूस उलटा शे."

मी हसले. हे हसले नाहीत. घरी आल्यावर रेंजवरचे बूट माळ्यावर टाकले. रविवारी गॅलरीतही बसले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले.

*

निवडणूक लागली की लायसन्सवाल्यांना बंदुका पोलीस चौकीत जमा कराव्या लागतात. बापूच्या मते हा बंदुकांचा वधू-वर मेळावा. त्या वेळी निवडणूक लागली, तसं त्यानं बळेबळेच ह्यांना ओढून नेलं. मीही डबा घेऊन गेले. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून येणारी प्रत्येक बंदूक बघत होतो.

एकलहऱ्याहून रिक्षानं एक बाई आल्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. चादरीत गुंडाळलेली बंदूक कडेवर मूल घ्यावं तशी धरलेली. हवालदारानं चादर सोडली आणि बापूनं माझं मनगटच दाबलं. सेमी-ऑटोमॅटिक!

शेठही तिथं होते. म्हणाले, "तिचा नाद सोडा. दोन-तीन गिऱ्हाइकं बघून परत आली. पीस फॉल्टी आहे. काडतूस उलट्या बाजूला फेकते."

सगळ्यांनी मान डोलावली. हो, मीसुद्धा. घरी आलो, जेवलो. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मला सटाण्याचा मालक आठवला. तवा तसाच टाकून मी बाहेर आले.

"अहो, माणूस उलटा आणि बंदूकही उलटी. मग अडलंय कुठं?"

 हे उठून माळ्यावरचे बूट काढायला लागले. भाकरी जळली.

*

निकाल लागून बंदुका परत मिळाल्या, तसे आम्ही एकलहऱ्याला गेलो. बाईंचं नाव सरोजताई. यजमान तिथल्या वीज केंद्रात होते, वारले. लायसन्स सरोजताईंनी स्वतःच्या नावावर करून घेतलेलं, पण बंदूक एकदाही उडवलेली नाही.

"आधीच सांगते," त्या म्हणाल्या, "सगळे म्हणतात दोष आहे हिच्यात. आमच्या ह्यांनी मुद्दाम शोधून तशीच घेतली होती. त्यांचं सगळंच डाव्या हाताचं. पंगतीत शेजारच्याला कोपर लागायचं."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. ह्यांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली आणि खिडकीकडे तोंड करून डाव्या खांद्याला लावली. डावा गाल आपोआप टेकला, योग्य डोळा मिटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना काही शोधावं लागलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

सरोजताई ट्रे घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. बापूनं किमतीचं काढायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ह्यांना वाटलं, न विचारता उचलली म्हणून बाईंना राग आला. ते बंदूक खाली घ्यायला लागले.

"नको," सरोजताई म्हणाल्या. "तसेच उभे राहा जरा."

ट्रे खाली ठेवून त्या ह्यांच्याकडे बघत बाजूच्या खुर्चीवर बसल्या. हे उभे राहिले. बंदुकीच्या भारानं ऑपरेशनचा उजवा खांदा उतरायला लागला, मला दिसत होता, पण त्यांनी बंदूक खाली घेतली नाही.