दगडाला एक चादर

सुताच्या दुकानात दिवसभर विक्री होवो न होवो, गादीखाली तुटक्या दोऱ्यांचा गोळा वाढतच जातो. कोणी मुद्दाम ठेवत नाही आणि कोणी फेकतही नाही. आमच्या पळण्याच्या किश्श्यांचं तसंच झालं. इतवारी बाजारातले आम्ही दहा-अकरा दुकानदार वर्षातून एकदा, दिवाळी आटोपली की, अमरावती रोडनं नऊ मैल पळत जायचो. गुडघे होते तोवर पळालो. आता चार जण भेटलो, की एकानं एक दोरा ओढायचा अवकाश!

*

सुरुवात गणपतरावांची. टिमकी मोहल्ल्यातले विणकर, माझं जुनं गिऱ्हाईक. एका रविवारी सकाळी हा पन्नाशीचा माणूस खाकी हाफपँट घालून, पाठीला गाठोडं बांधून पळताना दिसला. मी हाक मारून थांबवलं. त्यांचा धाकटा भाऊ नामदेव वाडी गावाच्या पुढं कुष्ठधामात होता, त्याला भेटायला निघाले होते.

मी म्हटलं, "अहो, तिथवर बस जाते की."

"जाते ना, भाऊ. पण त्या स्टॉपची घंटी वाजवली का सारी बस माह्याकडे पाहते. बाजूचा सरकून बसते. त्यापरीस पळणं बरं."

नामदेव खरं तर बरा झाला होता. डॉक्टरांनी तसं सर्टिफिकेटही दिलं होतं. अडलं होतं घरी. गणपतरावांची बायको कौसाबाई लग्न होऊन आली तेव्हा हा दीर पाच वर्षांचा. तिच्याच हातचं खाऊन मोठा झाला. पण आता तिच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. तिचं म्हणणं एकच, आधी पोरी उजवू द्या, मग पाहू. आणि नामदेवही हट्टी. गणपतराव दर खेपेला विचारायचे, तो दर खेपेला सांगायचा, "वहिनीनं बोलावलं तर येतो. तुह्या बोलावण्यानं नाही."

*

त्या गाठोड्यात एक चादर होती. तिथं साठ माणसं थंडीत गोणपाटावर झोपतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी चादरींसाठी बाजारात फिरलो. जो तो म्हणे, धंदा मंदा आहे. माझं शिक्षण चौथी पास, पण बाजार मी नीट वाचला होता. इतवारीत दानाला हात आखडतो, पैजेला कधीच नाही! दुसऱ्या दिवशी मी आवई उठवली, की मी कुष्ठधामापर्यंत पळत जाणार. माझं पोट बघून अख्खी ओळ हसली. समोरचे भांडेवाले म्हणाले, "दुसऱ्या मैलाला टांगा करता तुम्ही. मैलाच्या दगडाला एक चादर, लागली पैज!"

मग कोणी मागं राहतंय! नऊ-दहा जण माझ्यासोबत पळायला तयार झाले, बाकीचे दगडाला चादर लावू लागले. आम्ही पळू शकणार नाही यावर सगळ्यांचा इतका गाढ विश्वास, की त्या वर्षी साठाच्या जागी ऐंशी चादरी झाल्या. मी पोचलो. कसा पोचलो ते विचारू नका. पुढं सायकलवाले निघून जात होते, आणि पायी चाललेलेही!

*

पहिल्याच वर्षी धरमपेठेत हवालदारानं अडवलं. भल्या सकाळी दहा धोतर-पायजमेवाले ओळीनं पळताहेत म्हटल्यावर त्याचंही चुकलं नाही. त्यानं सगळ्यांना फुटपाथवर बसवलं आणि कोणाचं काय घेऊन पळून राहिले म्हणून विचारलं. मी सगळी हकिगत सांगितली. तो माझ्या पोटाकडे पाहत राहिला.

"हे वाडीपर्यंत पळतील?"

"त्याच्याही पुढं," गणपतराव म्हणाले.

त्यानं जरा विचार केला आणि खिशातली वही काढली. आम्हाला वाटलं, नावं लिहितो.

"माहीही एक चादर लिहा," वही माझ्यापुढं करत तो म्हणाला.

*

आमचा पांडू हॉटेलवाला. एका वर्षी, आमच्यासोबत पळणाऱ्या शाळेच्या पी. टी. मास्तरांनी आम्हाला महिनाभर ट्रेनिंग दिलं होतं आणि बजावलं होतं, की आदल्या दिवशी तिखट खायचं नाही. पांडूनं नेमका सावजी रस्सा ओरपला, चांगला दोन वाट्या.

त्या वर्षी तो सगळ्यांत पहिला पोचला. वाटेत पाण्यालाही थांबला नाही. फाटकावर डॉक्टर हार घेऊन उभे होते. पांडूनं हार घेतला नाही, नमस्कार केला नाही, फक्त विचारलं, "कुठं आहे?"

*

मिरचीवाले बन्सीलालजी दरवर्षी आमच्याविरुद्ध लावायचे. दगडाला एक चादर, नऊ मैल, नऊ चादरी. एका वर्षी सरकारनं मैलांच्या जागी किलोमीटरचे नवे दगड लावले, पण जुने काही उपटले नव्हते. आम्ही पळता पळता दोन्ही मोजले आणि परत येऊन सांगितलं, तेवीस.

बन्सीलालजी तडक उठले. टोपी घातली, टांगा केला आणि स्वतः मोजायला निघाले. आम्ही दुकानात बसून घाम पुसतोय. आता हे येऊन अब्रू काढणार, पुढच्या वर्षी बाजार दारात उभा करणार नाही, असं पी. टी. मास्तर मला सुनावत होते. दुपार कलल्यावर टांगा परत आला. शेठजी उतरले, टोपीवरची धूळ झटकली.

"चौबीस हैं," ते म्हणाले. "एक नाले के पास झाडी में है. गिनना भी नहीं आता, और निकले हैं दान करने!"

*

एक किस्सा माझ्या फजितीचा आहे, तोही सांगतो. पहिली काही वर्षं आम्ही चादरी फाटकावर उतरवून मागं फिरायचो. आत फक्त गणपतराव जायचे. एका वर्षी डॉक्टर म्हणाले, की नामदेवनं सगळ्यांसाठी चहा केलाय, आत या.

पांडूनं सांगितलं, उपास आहे. मास्तरांनाही उपास निघाला. माझ्यापर्यंत येता येता सगळ्या इतवारीला उपास लागला होता.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "एकादशी काल झाली."

नामदेव किटली घेऊन पायरीवर उभा होता. बोटं निम्मी गेलेली, किटलीच्या कडीत मनगट अडकवून धरलेली. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, तुमच्या दुकानच्या सुतावर मी बारा वर्षं माग चालवला. सूत कच्चं निघालं तरी कधी परत नाही केलं. चहा कच्चा निघाला तर तुम्ही खुशाल परत करा."

मी दोन कप प्यालो. साखर फार होती. तसं मी त्याला सांगितलं, तर तो खूश झाला. पुढच्या वर्षापासून चहा पिऊनच परत फिरायचो आम्ही.

*

होता होता गणपतरावांची थोरली मुलगी उजवली. धाकटीचं जमेना. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मग कुणी तरी त्यांना नामदेवचं सांगायचं. गणपतरावांनी घरी विषय काढणं सोडलं होतं. पळताना मात्र माझ्या बाजूला येऊन म्हणायचे, "नाम्याही आता पन्नाशीले आला, भाऊ. केव्हा येईन तो घरी?"

मग एका वर्षी निघायच्या वेळी कौसाबाई स्वतः इतवारीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पदर खोचलेला, चेहरा भांडायला आल्यासारखा. गणपतराव माझ्यामागं सरकले.

"भाऊ, सारा बाजार पैज लावते," त्या म्हणाल्या. "माही लिहा."

मी वही उघडली. कशावर लावता, विचारलं.

"नाम्यावर. त्याले सांगा, तू नऊ मैल चालून घरी येऊ शकत नाही, असं वहिनी म्हणते. गाडीत बसून नाही, पायी. येतच नाही तो. लागली पैज."

"आणि आला तर, वहिनी? धाकटीचं अजून व्हायचं आहे."

"ते माहं घर आहे. मी पाहून घेईन. तुम्ही लिहा."

मी लिहिलं. त्या दिवशी गणपतराव असे पळाले, की आम्हाला ते वाडीपर्यंत दिसलेच नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा नामदेव पायरीवर बसून चपला बांधत होता. डॉक्टरांनी त्याला जाड रबराच्या, पट्ट्या-बकलांच्या चपला करून दिल्या होत्या. तिथली एक मावशी त्याला बकलं लावून देत होती. बकलं लागताच तो उठला आणि फाटकातून बाहेर पडला.

येताना आम्ही पळालो नाही. त्याच्या चालीनं चाललो. वाडीला ट्रकवाल्यांनी बसा म्हणून हाका मारल्या, त्यानं मान हलवली. धरमपेठेत त्याच्या टाचेतून रक्त येऊ लागलं. मास्तरांनी स्वतःचा रुमाल फाडून बांधला. गणपतराव म्हणाले, टांगा करू, तिले कोण सांगते! नामदेव म्हणाला, "मी सांगीन ना."

टिमकीत शिरलो तेव्हा उन्हं उतरली होती. माग थांबले. दारादारांत माणसं उभी राहिली. कोणी पुढं आलं नाही, कोणी दारही लावलं नाही.

कौसाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, मागं धाकटी. नामदेव ओट्यापाशी थांबला.

"काहून उभा आहे गा?" त्या म्हणाल्या. "पायातलं काढ. आताच सारवलं आहे."

तो ओट्यावर बसला आणि बकल काढायला लागला. निम्म्या बोटांतून ते निसटत होतं. एकदा निसटलं, दोनदा निसटलं. गणपतराव पुढं होणार, तेवढ्यात कौसाबाई पायरी उतरून खाली मातीत बसल्या. त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला, रक्ताचा रुमाल बाजूला केला, आणि एकेक पट्टा सोडू लागल्या. सगळी गल्ली बघत होती.

वर न पाहता त्या मला म्हणाल्या, "मले माहीत होतं, भाऊ. मी हारीन."