काउंटरवरचे पेढे

लेक ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाली म्हणून आज पेढे आणले. डबा उघडताच वेलदोड्याचा वास आला आणि मला नोव्हाय शहरातलं लायसन्सचं ते सरकारी ऑफिस आठवलं.

अमेरिकेत येऊन थोडेच महिने झाले होते. मीही असाच पास झालो आणि त्या आनंदात काउंटरवरच्या बाईंपुढे पेढ्यांचा पुडा ठेवला. आमच्या गावात पास झालेला माणूस पेढे वाटल्याशिवाय घरी जात नाही. बाईंनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. "सर, हे उचला, प्लीज! माझी नोकरी जाईल." रांगेतले लोक बघू लागले. पेढ्याने नोकरी जाते? मी घाईघाईने पुडा उचलला. बाहेर आल्यावर वाटलं, ही माणसं जन्मतःच प्रामाणिक असणार.

मी हा किस्सा सांगितला तेव्हा लेक हसत सुटली. "बाबा, यू ब्राइब्ड हर! लाच दिलीस तिला!" मग तिने शाळेत शिकलेलं सांगितलं. एकोणिसाव्या शतकात इथे सत्ता बदलली की पोस्टमास्तरसुद्धा बदलत, खुर्च्या पक्षाच्या माणसांना मिळत. नोकरी मिळाली नाही म्हणून एकाने तर राष्ट्राध्यक्षांवरच गोळी झाडली. त्यानंतर परीक्षा घेऊन सरकारी नोकऱ्या देण्याचा कायदा झाला.

वशिला नसलेल्या घरातून मी केवळ परीक्षांच्या जोरावर इथवर आलो. वशिल्याशिवाय पुढे जायची ही वाट या देशात पहिल्यापासूनच होती, असं मी धरून चाललो होतो. ती कुणीतरी भांडून काढली होती, आणि त्या घाबरलेल्या बाई त्या दिवशी माझ्या पेढ्यांपासून तीच वाट राखत होत्या.