काकांच्या बंदुकीला चपलेची गादी

मला मुलगी द्यायला नाही म्हणणारा माणूस आज गेला.

सकाळी साडेनऊला फोन आला, मी आदिलाबादला होतो. त्या एका मिनिटात सगळं बदललं. दोन वर्षं ज्यांच्यावर चिडून होतो, ते नारायणकाकाच राहिले नाहीत.

आता चिडू कोणावर?

काका आमच्याच गल्लीतले, तीन घरं सोडून. त्यांच्या मुलीचं नाव इथं लिहीत नाही. अर्धं गाव माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे आणि उरलेलं तिच्या.

काकांकडे लायसनची बंदूक होती, त्यांच्या वडिलांच्या वेळची. साधी एकनळी, पण काका तिला रायफलच म्हणायचे. ज्वारी भरात आली की रानडुकरं हाकलायला बार काढायचे.

बार उडाला की बंदूक मागे लाथ मारते. काकांचा उजवा खांदा बैलगाडीवरून पडून एकदा मोडलेला. एक बार काढला की दोन दिवस हात वर जायचा नाही.

हे मला तिनं सांगितलं. "बाबाले सदरा बी मीच घालून देऊन राह्यली," म्हणाली.

मी तेव्हा नुकतंच कॉलेज सोडलं होतं. बीएस्सी, सेकंड इयर. लॅबमध्ये एका सरांशी वाजलं, बॅग उचलली, घरी आलो. रिकामा होतो आणि प्रेमात होतो. म्हटलं, काकांच्या बंदुकीला गादी मी करणार.

पहिली गादी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरची कापली. दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतं त्या लाकडाला, बांधली. काकांनी बार काढला आणि खांदा धरून खालीच बसले.

"हे गादी व्हय का दगड? लाकूड बरं होतं लेका."

रबर कडक असलं की धक्का जसाच्या तसा येतो. फिजिक्स शिकलेल्या माणसाला हे काकांच्या खांद्यावरून कळलं.

दुसरी हवाई चपलेची. दोन तळवे एकावर एक, पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशनने चिकटवले, दिवसभर जात्याखाली दाबून ठेवले, कानशीने घासून दस्त्याच्या आकाराला आणले. मऊ झाली. पण बंदूक दोन बोटं लांब झाली आणि काका पडले ठेंगणे. उचलली की दस्ता बगलेतच अडकायचा.

"माही रायफल वाढली का मी कमी झालो बे?"

तिसऱ्यांदा एकच तळवा घेतला. लाकडाला चिकटवायचं नाही असं ठरवलं. स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, त्याचा मोजा केला, तळवा आत शिवला आणि मोजा दस्त्यावर चढवला.

काकांनी बांधावर उभं राहून बार काढला. थांबले. दुसरं काडतूस घातलं, परत काढला.

मग उजव्या हाताने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि त्याच हाताने परत बांधला.

माझ्यासाठी तेवढं बस होतं.

त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. फायली इकडच्या तिकडे. काकांच्या लायसनचा कागद कुठल्या गठ्ठ्यात गेला कोणाला सापडेना. त्यांना बंदूक घेऊन ठाण्यात बोलावलं, दस्त्यावरचा नंबर दाखवायला. मी सोबत गेलो.

जमादाराने दस्त्याकडे पाहिलं. "इदेंदी?" म्हणजे, हे काय?

"मोजा है साब," काका म्हणाले. "बुढ्ढी हो गई, ठंड लगती उसको."

मी मोजा ओढून काढला. खाली नंबर साबूत. जमादार हसला, सही मिळाली.

बसस्टँडवर चहा घेताना काका खुशीत होते. मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, काका, तुमची मुलगी मला द्या.

त्यांनी आधी चहा संपवला.

"पोरीची चप्पल वळखली होती मी पयल्याच दिवशी. त्याच्या आंधी घरात आठ दिवस आमी कुत्र्याले शिव्या देऊन राह्यलो."

मी कप खाली ठेवला.

"गादी दोनदा बिघडली तरी तू सोडली नाई. मंग कॉलेज एका भांडनात काऊन सोडलं? डिग्री घेऊन ये. मंग बोलू."

इथं माझं डोकं फिरलं. "तुमाले जावई पायजे का मार्कशीट?" म्हटलं आणि त्यांना तिथंच बंदुकीसकट सोडून जीपमध्ये बसून आलो.

दोन वर्षं बोललो नाही. ते समोरून आले की मी रस्ता बदलायचो. ते नाही बदलायचे.

गेल्या महिन्यात मी परत परीक्षेचा फॉर्म भरला. कोणालाच सांगितलं नाही. पास झालो की मार्कशीट त्यांच्या हातात ठेवायची आणि एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवलं होतं.

अकड. दुसरं काही नाही. एक वाक्य सांगायला तीन घरं चालायचं होतं.

दुपारी स्मशानातून त्यांच्या घरी आलो. बंदूक भिंतीला टेकवलेली. लायसनवाला माणूस गेला की ती ठाण्यात जमा करावी लागते, उद्या काकांचा मुलगा नेणार आहे.

मोजा अजून चढवलेला होता. एका बाजूने फाटलेला, आणि सुतळीने शिवलेला. टाके मोठे मोठे, वाकडे.

"बाबानंच शिवला," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "फॉर्म भरला म्हन तू."

"कोनी सांगतलं?"

"बाबानं. कॉलेजातल्या क्लार्कले इचारून आले होते."

"काय म्हनले?"

"काई नाई. त्या दिवशी एक भाकर जास्त खाल्ली."

पुढच्या महिन्यात पेपर आहेत. पास होणार. इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

सुतकाच्या घरातून निघताना आपल्यात कोणी 'येतो' म्हणत नाही. मुकाट्याने उठायचं आणि चालायला लागायचं. तिची आई बसली होती, भाऊ होता, गल्लीतल्या बायका होत्या. रीत सगळ्यांना माहीत होती. मलाही होती.

जिथं दिवा ठेवला होता तिथं वाकलो.

"काका, येतो," म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.