गोलमध्ये जावई, पर्समध्ये पत्र: जळगाव ते धुळे, एस.टी.ने

पत्र मी लिहावं असं ठरलं, कारण मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि माझं अक्षर बरं होतं. आणि पत्र लिहिलंय तर ते हातात द्यायलाही मीच हवी, असं नानांनी ठरवलं. म्हणून मी धुळ्याला गेले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बाकीचं जळगाव क्रिकेटमागे वेडं होतं, पण आमच्या गल्लीला फुटबॉलचा नाद. माझे वडील आणि शेजारचे नाना दोघेही भुसावळला रेल्वेत नोकरीला होते. तिथल्या मैदानावरून हा नाद त्यांनी घरी आणला. आमचा क्लब म्हणजे गिरणा रोव्हर्स. नाव भारदस्त, बाकी सगळं बेताचं. एका टोकाला बाभळी असलेलं मैदान, विटलेल्या निळ्या जर्सी, आणि अध्यक्ष आप्पासाहेब. त्यांची तेलाची गिरणी होती. अध्यक्षपदी ते इतकी वर्षं होते की निवडणूक कशी घेतात हे कुणाला आठवत नव्हतं. वार्षिक सभा त्यांच्या घरी व्हायची. श्रीखंड-पुरी खाऊन झाली की सभा संपली असं समजायचं.

तेही आम्ही चालवून घेतलं असतं. पण त्या वर्षी आप्पासाहेबांनी मुलीचं लग्न केलं आणि पारोळ्याच्या जावयाला थेट गोलमध्ये उभं केलं. आमचे कोच पीटरसर म्हणाले, "गोलकीपर रफिकच राहील." दुसऱ्या आठवड्यात कोच बदलले. पीटरसर भुसावळला परत गेले, रफिक बाकावर बसला, आणि आम्ही ओळीने पाच सामने हरलो. पाचव्या सामन्यात तर जावईबापूंनी चेंडू येताना पाहून डोळे मिटून घेतले. मी स्वतः पाहिलं. त्या दिवशी आमच्या बाजूने जी ओरड झाली, त्यात माझाही आवाज होता.

मग पत्र लिहिलं. पीटरसरांना परत बोलवा, रफिकला खेळवा, निवडणूक घ्या; हे जमत नसेल तर राजीनामा द्या. खाली गल्लीतल्या, मैदानावरच्या, चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांच्या सह्या. पुढचा सामना धुळ्याला होता, बाद फेरीतला. हरलो तर मोसम संपला. रफिकसकट तिघे खेळाडू क्लब सोडायच्या गोष्टी करत होते, ते सोडून गेले तर क्लबच संपला. त्यामुळे पत्र धुळ्यातच द्यायचं ठरलं.

रविवारी सकाळी सातच्या गाडीला आम्ही तिघं होतो: नाना, त्यांच्या पत्नी अक्का आणि मी. अक्कांना फुटबॉलमधलं काही कळत नसे, पण नाना मैदानावर चिडले की त्यांच्या छातीत धडधडतं म्हणून त्या सोबत यायच्या, आणि डबा घेऊन यायच्या.

आता हा रस्ता चौपदरी झालाय, दीड-पावणेदोन तासांत धुळं येतं. तेव्हा दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला साइडपट्टीवर उतरावं लागे. पौष महिना, खिडक्यांच्या काचा निम्म्या बंद होत नव्हत्या, आणि पाळधीपर्यंत माझे कान बधिर झाले. कापसाने ओसंडणाऱ्या बैलगाड्या जिनिंगकडे निघाल्या होत्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. एरंडोलला गाडी दहा मिनिटं थांबली. तुम्ही स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर इथून पद्मालयाच्या गणपतीला जरूर वळा. तळ्यात कमळं असतात आणि देवळात गर्दी नसली तर फार शांत वाटतं. आम्हाला वेळ नव्हता. स्टँडवरची मिरचीची भजी घेतली, नानांनी चहा बशीत ओतून प्यायला आणि म्हणाले, "आप्पांच्या तोंडावर मी सगळं बोलतो. तू फक्त पत्र दे."

पारोळ्याला किल्ल्याचा बुरूज दिसेपर्यंत गाडी भरली होती. तिथे एक उंच, गोरा तरुण चढला. हातात कॅनव्हासची पिशवी, तिच्यातून हातमोजे डोकावत होते. नानांनी माझ्या पायावर पाय दिला. विलासराव. आप्पासाहेबांचे जावई. संघ आदल्या दिवशीच आप्पांच्या मेटॅडोरने पुढे गेला होता, आणि हे रात्रीपुरते घरी थांबलेले असणार.

त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. कसं ओळखणार? मैदानावर मान वर करून प्रेक्षकांकडे पाहायची त्यांची हिंमतच नव्हती. अक्कांनी मात्र सरकून जागा केली. आमच्या तिघांच्या बाकावर आता चौघं झालो.

"काही खादं का रे भाऊ?" अक्कांनी विचारलं.

"नाही, भूक नाही."

"तोंड तं उतरी गयं तुनं. खाई ले." अक्कांनी डबा उघडला. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. भाजलेल्या वांग्याचा आणि हिरव्या मिरचीचा वास सगळ्या गाडीभर गेला. पुढच्या बाकावरचे दोघे वळून पाहू लागले.

विलासरावांनी एक पुरी घेतली, मग चार खाल्ल्या. अक्कांनी विचारलं, धुळ्याला कशाला चाललास? आणि ते बोलायला लागले. कदाचित अनोळखी माणसं म्हणूनच बोलले असतील.

"फुटबॉलचा सामना आहे. मी गोलकीपर आहे. म्हणजे… नाही आहे."

नाना खिडकीबाहेर पाहू लागले.

"कॉलेजात मी व्हॉलीबॉल खेळायचो," विलासराव म्हणाले. "मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, खेळबिळ आहे का? मी हो म्हटलं. त्यांनी तेवढंच ऐकलं. लग्नानंतर आठ दिवसांनी हातमोजे पाठवले, मिठाईच्या पुड्यासोबत. आता नाही कसं म्हणू? त्यांना इतका आनंद झाला होता. सगळ्यांना सांगत फिरत होते, आमचे जावई खेळाडू आहेत म्हणून." मग हळूच म्हणाले, "लोक फार ओरडतात हो. बायको परवा सामन्याला आली होती. तिने सगळं ऐकलं."

मी हातातली पुरी परत डब्यात ठेवली. 'जावईबापू, पाट मांडू का?' ही आरोळी माझी होती. मीच ती सुचवली होती आणि ती फार गाजली होती.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमन, ते पत्र दखाड त्याले."

"अक्का!" नाना म्हणाले.

"काबर? त्यान्हाबद्दल लिखेल शे ना? मग त्याले वाचू द्या."

मी पर्समधून पत्र काढून दिलं. विलासरावांनी सगळं वाचलं, सावकाश. तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, 'सध्याच्या गोलकीपरांना चेंडूची भीती वाटते.' तिथे ते थांबले.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "पेन आहे का?"

मुकटीच्या आसपास रस्ता इतका खराब होता की त्यांची सही वेडीवाकडी आली. पण पूर्ण नाव लिहिलं होतं. धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर नानांनी विलासरावांची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

धुळ्याला पोचलात की आधी जेवून घ्या. स्टँडच्या बाहेर तेव्हा दोन-तीन खानावळी होत्या. काळ्या मसाल्याची शेवभाजी, भाकरी आणि बरोबर कांदा. तर्री इतकी तिखट की मी रडतेय असं वाढणाऱ्याला वाटलं. खरं तर थोडी रडतच होते. विलासरावांना मी सांगून टाकलं की ती आरोळी माझी. ते म्हणाले, "चांगली होती. मीसुद्धा हसलो असतो, पण चेंडू येत होता."

मैदान पांझरा नदीच्या बाजूला, रिक्षाने पाच-सात मिनिटांवर. समोर मालेगावचा तगडा संघ. एका बाजूला मांडव, त्यात सोफ्यावर आप्पासाहेब: पांढरं धोतर, काळा कोट, हातात संत्रं. मध्यंतरापर्यंत आम्ही दोन गोल खाल्ले. दुसऱ्या गोलला विलासरावांनी डोळे उघडे ठेवले होते, एवढं मी नक्की सांगू शकते.

मध्यंतरात आम्ही तिघं मांडवात गेलो. नाना वाटेत भाषणाची तयारी करत होते. आप्पासाहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आप्पा, तब्येत कशी आहे?" तीस वर्षांची ओळख होती. मैदान नव्हतं तेव्हा गिरणीमागची जागा आप्पांनीच दिली होती, आणि नानांच्या मुलाच्या पायात पहिले फुटबॉलचे बूट आप्पांनीच घातले होते. हे सगळं मलाही माहीत होतं. म्हणूनच तर राग एवढा होता. परक्या माणसाने क्लब बुडवला असता तर आम्ही शिव्या देऊन घरी बसलो असतो.

मी पत्र पुढे केलं. "आप्पासाहेब, हे आमच्या सगळ्यांकडून."

त्यांनी चष्मा लावला. वाचता वाचता कपाळाची शीर फुगली. "राजीनामा? माझा? कुणी शिकवलं तुम्हाला हे?" मग सह्या वाचू लागले, एकेक नाव मोठ्याने, जणू प्रत्येकाला लक्षात ठेवायचं होतं. शेवटच्या नावापाशी आवाज थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

विलासराव मांडवाच्या खांबाशी उभे होते.

"ही सही तुमची आहे?"

"हो, आप्पा."

"तुम्हाला खेळायचं नाही?"

"मला येतच नाही. मी व्हॉलीबॉल खेळायचो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही एवढे खूश होता," विलासराव म्हणाले.

आप्पासाहेब संत्र्याकडे बघत बसले. मग अक्का शांतपणे म्हणाल्या, "आप्पा, जावाई तुमना लाखमा एक शे. पन गोलमा नको."

आप्पासाहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते उठले, संत्रं विलासरावांच्या हातात दिलं आणि बाकाकडे वळून ओरडले, "रफिक! मोजे घाल!"

रफिक उत्तरार्धात कसा खेळला हे मी अजून शाळेतल्या मुलांना सांगते. त्याने एक पेनल्टी उजवीकडे झेपावून अडवली. आम्ही एक गोल फेडला. दुसरा खांबाला लागून परत आला. हरलो आम्ही, एक-दोन. मोसम संपला. पण शिट्टी वाजल्यावर आमची माणसं मैदानात धावली आणि मालेगावकरांना वाटलं असावं की यांना निकाल समजलेला नाही.

संध्याकाळच्या गाडीने परतलो. विलासराव पारोळ्याला उतरले, अक्कांचा रिकामा डबा धुऊन परत करतो म्हणून घेऊनच गेले.

घरी आल्यावर मी बरेच दिवस विचार केला की या प्रवासातून काय मिळालं. आप्पासाहेबांनी राजीनामा दिला नाही. निवडणूक झाली नाही. सभेला श्रीखंडच होतं. मात्र पंधरा दिवसांनी ते नानांना घेऊन भुसावळला गेले, पीटरसरांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चूक झाली. चला." पीटरसरांनी त्यांना आधी चहा दिला, मग तासभर सुनावलं, मग आले. रफिक कुठेही गेला नाही. आणि मी आरोळ्या सुचवायचं बंद केलं. निदान माणसाचं नाव घेऊन तरी.

पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला विलासराव आमच्यात येऊन बसले. त्यांची बायकोही होती. खेळ त्यांना आता कळू लागला होता, आणि कळू लागल्यामुळे ते आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त चिडायचे. पूर्वार्धात आमचा लेफ्ट बॅक तिसऱ्यांदा चुकला तेव्हा ते उभे राहिले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे गरजले, "आप्पा! झोपलात का? लेफ्ट बॅक बदला!"

सगळं मैदान त्यांच्याकडे वळून पाहू लागलं. खाली खुर्चीत बसलेल्या आप्पासाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त हात वर करून पीटरसरांना खूण केली. दोन मिनिटांनी लेफ्ट बॅक बदलला.